लिस्बनचा हट्ट माझा नव्हता

मिलिंद,

रविवारी तुझा जलदान विधी झाला. तुला जाऊन पंधरा दिवस झाले होते, पण हॉल त्याआधी मिळाला नाही. माणसं हॉलला पुरणार नाहीत इतकी आली आणि समोसे माणसांना पुरले नाहीत. पांढऱ्या कपड्यांतली एवढी मंडळी बघून शेजारच्या हॉलमधल्या एका गोऱ्या बाईने मला विचारलं, "इज इट अ वेडिंग?" मी नुसतं "नो" म्हटलं आणि आत गेले. तू असतास तर तिथेच उभा राहून तिला बुद्धापासून नागपूरपर्यंत सगळं समजावलं असतंस, वर तिचा नवरा डेट्रॉइटमधल्या कुठल्या मोटारींच्या प्लांटमध्ये आहे तेही विचारून आला असतास.

आत प्रत्येकजण माझा हात धरून एकच सांगत होता. शेवटपर्यंत लढला. ही फॉट सो ब्रेव्हली. मी मान हलवत होते आणि आतून मला चीड येत होती. तू शेवटपर्यंत लढला नाहीस. तू एप्रिलमध्येच लढाई सोडलीस आणि जूनमध्ये मासे खायला गेलास. मला त्याचा अभिमान वाटतो. पण ते मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण जाण्याआधी तू माझं तोंड बांधून ठेवलं होतंस.

त्यामुळे लोकांना जे कळलं ते असं, की तुझी केमो चालू असताना मी तुला युरोप बघायला घेऊन गेले. शीलावहिनी आपल्या पहिल्या अपार्टमेंटपासूनच्या शेजारी. मनाने चांगल्या, तोंडाने फटकळ. तुझा फोटो टेबलावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, एवढी काय घाई होती गं फिरायला जायची? युरोप कुठे पळून चाललं होतं का?" नागपूरहून तुझे दादा फोनवर म्हणाले, "तुम्ही तिथे एवढे शिकलेले लोक, आणि तुम्हीच जर असं..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मी दोघांनाही काही बोलले नाही. लोकांचं मला फार कधी लागलंच नाही, ते तुला ठाऊक आहे.

पण यशूचं लागलं. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी आपली लेक किचनमध्ये बाळाचे कपडे घडी करत होती. आवाज न चढवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "यू लेट हिम स्किप केमो फॉर अ व्हेकेशन, आई." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. थर्मामीटर कुठाय, टॉवेल कुठाय, हीट कमी कर. येत्या गुरुवारी ती बाळाला घेऊन रेडमंडला तिच्या घरी परत जाणार. हे डोक्यात घेऊन ती गेली असती तर एकाच महिन्यात नवरा आणि मुलगी दोघंही गेल्यासारखं झालं असतं मला. तुझ्या शब्दाखातर एवढं सोसायची माझी तयारी आहे का, हे मी पंधरा दिवस स्वतःला विचारत होते.

आता खरं काय झालं ते एकदा सरळ लिहून काढते. तू आता मधे बोलू शकत नाहीस, त्याचा फायदा घेते.

एप्रिलमध्ये डॉक्टरबाईंनी स्क्रीन आपल्याकडे वळवला. औषध चालत नव्हतं. आणखी एक देऊन बघता येईल म्हणाल्या, त्याने कदाचित काही आठवडे वाढतील, पण त्यातले बरेचसे त्या सुईवाल्या खुर्चीतच जातील. तू विचारलंस, "विमानात बसता येईल का?" मला वाटलं तुला नागपूरला जायचंय. बाई म्हणाल्या, जूनपर्यंत जमेल, त्यानंतर सांगता येत नाही. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसल्यावर तू म्हणालास, "लिस्बन." मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं?" त्यावर तू सीटबेल्ट लावलास आणि तिथूनच यशूला फोन लावलास.

तिला तेव्हा सहावा महिना लागला होता. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं, त्यामुळे आपण दोघंही तिच्याशी बोलताना जपून पाय टाकायचो. तू मजेत म्हणालास, "डॉक्टर म्हणतात थोडा ब्रेक घ्या. आणि तुझ्या आईने युरोपचा हट्ट धरलाय. काय करणार यार, बायकोपुढे कुणाचं चालतं का?" आणि हसलास. गाडी मी चालवत होते. माझा एक्झिट चुकला. घरी पोचेपर्यंत तू मात्र फोनवर लिस्बनचं हवामान बघत होतास.

मी महिनाभर नाही म्हणत राहिले, हे लोकांना कुठे माहिती आहे? मी नाही म्हटलं, रडले, ते दुसरं औषध घे म्हणून हात जोडले. तुझं उत्तर ठरलेलं होतं. "चोवीस वर्षं आपण काचेतून बघतोय यार. एकदा बाहेर जाऊन तर येऊ." काच म्हणजे काय ते मला कळत होतं. दर दोन वर्षांनी डेट्रॉइट ते नागपूर जाताना आपण कुठल्या ना कुठल्या युरोपातल्या विमानतळावर सहा-सात तास बसायचो. कधी ॲमस्टरडॅम, कधी फ्रँकफर्ट, कधी पॅरिस. व्हिसा नसायचा, बाहेर जाता यायचं नाही. आपला युरोप म्हणजे काचेपलीकडची गवताची पट्टी आणि त्यापलीकडे एखादा चर्चचा मनोरा. यशूला मांडीवर घेऊन तू सांगायचास, "ते बघ, ते शहर." सुट्टी मिळायची ती सगळी नागपूरला जायची. लग्नं, मयत, दादांचं ऑपरेशन, आईचं ऑपरेशन. अमेरिकेचे निळे पासपोर्ट आल्यालाही किती वर्षं झाली होती, तरी आपण त्या काचेच्या आतच बसत होतो. सवयच लागली होती.

तरीही मी हो म्हटलं नव्हतं. हो म्हटलं ते बॅग भरताना. तू माझ्या होकाराची वाट न बघता बॅगा काढल्या होत्यास आणि नेहमीच्या पद्धतीने वजन करायला बाथरूममधल्या काट्यावर उभा राहिलास. आधी बॅग घेऊन, मग बॅग खाली ठेवून. तू आकडे सांगायचेस आणि मी वजाबाकी करायची, ही आपली चोवीस वर्षांची पद्धत. या वेळी बॅग खाली ठेवल्यावर तू आकडा सांगितलाच नाहीस. मी वाकून बघितला. बॅगेचं मी विसरूनच गेले. कपड्यांतून दिसत होतं त्याहून तू किती तरी कमी उरला होतास. तू म्हणालास, "चला, तेवढंच जास्त सामान नेता येईल." मी तुझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिथेच टबच्या काठावर बसले, आणि म्हटलं, "चल."

आणि आपण गेलो कसे? पाच दिवसांसाठी दोन अवाढव्य बॅगा घेऊन! कारण आपल्याला दुसरं पॅकिंग येतच नाही. विमान म्हणजे नागपूर, आणि नागपूरला कुणी हलक्या बॅगा नेत नाही. वजन उरलंय म्हणून छोटा कुकर घातला, कुकर आहे म्हणून तांदूळ आणि तूरडाळ, मग तिखट, मग ज्वारीचं पीठ, आणि जूनमध्ये तीन स्वेटर. टॅक्सीवाल्याने आपल्याला गल्लीच्या तोंडाशी सोडलं, कारण गाडी आत जात नव्हती. चढ असा, की बघूनच दम लागावा. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी एकेक बॅग ओढत वर नेली आणि तू प्रत्येक वळणावर पायरीवर बसून सूचना देत होतास. "चाकं वर कर. हँडल आत घे." प्लांटमध्ये लाइन चालवल्यासारखा. मी वरून ओरडले, "गप्प बस, नाहीतर बॅग सोडते!" तू इतका हसलास की तुला खोकला आला. त्या जिन्यात मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वरणभाताचा कुकर लावला. केमोपासून तुला दुसरं काही पचत नव्हतं. तिसरी शिटी झाली आणि दारावर धडाधड थापा. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, हातात ओलं फडकं घेऊन, आग विझवायच्या तयारीत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आपल्याला पोर्तुगीज. तू तोंडाने शिटी वाजवून दाखवलीस, तीन बोटं वर केलीस आणि पोटावरून हात फिरवलास. बाई आधी घाबरल्या, मग खो खो हसल्या. त्यांनी चमचाभर वरण चाखलं, तिखट लागलं म्हणून दोन ग्लास पाणी प्यायल्या, आणि मग तुझं मनगट धरून तुला जिन्याकडे ओढायला लागल्या. मी मागून "अहो, ही इज सिक" म्हणत राहिले. त्यांनी माझंही मनगट धरलं.

खाली गल्लीत त्यांच्या कुठल्याशा संताचा सण चालला होता. या घरापासून त्या घरापर्यंत रंगीत कागदांच्या माळा, स्पीकरवर गाणी, आणि रस्त्यातच शेगड्या मांडून मासे भाजणं. कोकणातले लोक ज्याला तारली म्हणतात, तसला मासा. भाजून नुसता ब्रेडच्या जाड तुकड्यावर ठेवायचा, तेल ब्रेडमध्ये मुरलं की तोही खायचा. मी म्हटलं, "काटे आहेत, मीठ किती आहे बघ, पोटाला झेपणार नाही." तू म्हणालास, "मग काय होईल, मी मरेन?" आणि खाल्लास. चार महिन्यांत तू ताटातलं पूर्ण संपवलं नव्हतंस. त्या संध्याकाळी दोन मासे खाल्लेस, तेलात भिजलेला ब्रेड खाल्लास, आणि माझ्या हातातला उरलेला तुकडाही उचललास. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट दुखलं, तरी तू एकदाही कुरकुर केली नाहीस.

शेजारच्या टेबलावर तुळशीसारख्या झाडांच्या छोट्या कुंड्या होत्या. म्हाताऱ्या बाईंनी एक तुझ्या हातात दिली. तू नाक लावून वास घ्यायला गेलास तर त्या दचकून ओरडल्या आणि खुणेने दाखवलं, नाक लावायचं नाही, झाडावरून तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. तू मला म्हणालास, "आपल्या घरात कधी तुळस आली नाही, आणि मी इथे लिस्बनमध्ये कुंडी घेऊन फिरतोय. दादांना फोटो पाठवू का?" मग तुझा सुवासिक तळवा माझ्या नाकाशी धरलास. त्या तळव्यावर औषधांनी पडलेले काळे डाग होते आणि वर हिरवा वास. मी तुझा हात तिथेच धरून ठेवला.

आणि मग तू नाचलास. नागपुरात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नाचायचास तेवढंच तुझं नाचणं, अमेरिकेत आल्यापासून तेही बंद. त्या पोर्तुगीज गाण्यावर तू तोच चौदा एप्रिलचा नाच सुरू केलास. दोन्ही हात वर, खांदे हलवत, पाय जवळजवळ जागच्या जागी. एक मिनिट झालं असेल, आणि गल्लीतले चार-पाच जण तुझ्या मागे तसेच हात वर करून नाचायला लागले. शर्टाखालून तुझ्या छातीवरचा, केमोच्या सुईसाठी बसवलेला पोर्ट दिसत होता. दिसू दे, मी म्हटलं, आणि मीही शिरले त्यांच्यात. ज्यांना ज्यांना वाटतं, मी तुला मरायला घेऊन गेले, त्यांना मी ती गल्ली दाखवायला हवी होती. व्हिडिओ काढायचं मात्र आपल्या दोघांनाही सुचलं नाही.

भांडण झालं चौथ्या दिवशी. नदी दिसते त्या उंचवट्यावरच्या बाकावर. मी म्हटलं, "यशूला सांग. बाळ होईपर्यंत थांब, पण मग तरी सांग." तू म्हणालास, "नको. मग ती म्हणेल, एवढे दिवस माझ्याशी खोटं का बोललास." मी म्हटलं, "आणि ते खोटं माझ्या नावावर का?" तू नदीकडे बघत म्हणालास, "तुझ्यावर ती चिडेल, भांडेल आणि विसरेल. माझ्यावर चिडायची वेळ येईल तेव्हा मी नसेन. तिने काय करायचं त्या रागाचं?" तुझा युक्तिवाद नेहमी असाच असायचा, ऐकताना खरा वाटणारा. तू म्हणालास, "प्रॉमिस कर." आणि मी केलं. त्या क्षणी तू काहीही मागितलं असतंस तर मी दिलं असतं, आणि हे तुला चांगलं ठाऊक होतं. तुझा हा लबाडपणा मी माफ केलेला नाही.

जुलैअखेर बाळ झालं. सुखरूप झालं. मी तुला पुन्हा म्हटलं, आता सांग. तू म्हणालास, टाके भरू देत. मग म्हणालास, बाळाचं दूध नीट सुरू होऊ दे. सप्टेंबरच्या सुरुवातीला यशू बाळाला घेऊन इथे आली. तुझ्या फोनवर हॉस्पिटलचं ॲप उघडून तिने मे महिन्यातली रद्द केलेली तारीख बघितली आणि तुला विचारलं, "बाबा, हे तू कॅन्सल केलंस?" तू उशीवरून हसून म्हणालास, "तुझ्या आईला युरोप बघायचं होतं ना." आणि माझ्याकडे बघितलंस. मी खिचडी ढवळत राहिले. आपलं ते भांडण तिथेच अर्धवट राहिलं, कारण त्यानंतर तू दहाच दिवस होतास आणि त्यातले बरेचसे झोपेत गेले.

तर रविवारी. विहारातले भंते आले होते, ते श्रीलंकेतले, पण पाली म्हणताना तुझ्या आईसारखेच नाकातून म्हणतात. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं, मग पंचशील. यशू माझ्या शेजारी बसली होती, बाळ मांडीवर. तीन शीलं मी सगळ्यांबरोबर म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं आणि माझा आवाज फुटेना. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलंय. लग्नात म्हटलं, यशूच्या बारशाला म्हटलं. परवा तुझ्या फोटोसमोर, तुझ्याच खोट्यावर बसून, मला ते म्हणता आलं नाही. आजूबाजूचे सगळे पुढे पाचव्याला गेले. मला वाटलं, मिलिंदला दिलेलं वचन चार महिन्यांचं आहे, आणि हे त्याच्या किती तरी आधीचं. हेही मी कुणाला तरी दिलेलं वचनच आहे. निर्णय तिथेच झाला.

विधीनंतर हॉलच्या मागच्या किचनमध्ये यशू आणि मी भांडी घासत होतो. मी तिला सगळं सांगितलं. एप्रिलचं, डॉक्टरबाईंचं, फोनचं, काट्याचं, बाकावरच्या वचनाचं. नळ चालूच होता. तिने मधेच थांबवलं. "वेट. बाबाला एप्रिलमध्येच माहिती होतं?" मी म्हटलं, हो. "आणि ऑगस्टमध्ये फोनवर माझ्याबरोबर फ्लाइट्स बघत होता तो? बाळाच्या फर्स्ट बर्थडेला यायच्या? मला विचारत होता, आईल घेऊ का विंडो!" मी म्हटलं, हो. "ही लाइड टू माय फेस, आई." मी तिसऱ्यांदा हो म्हटलं. तुझी बाजू घेतली नाही. तू माझी घेतली नव्हतीस.

मग तिने पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, "तुला जायचं नव्हतं?" मी म्हटलं, "जायचं नव्हतं. गेल्यावर मात्र परत यायचं नव्हतं." तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. ओल्या हातांनी, साबणासकट. किती तरी दिवसांनी ती पोटभर रडली आणि तू गेल्यापासून मी पहिल्यांदाच रडले.

तू चुकलास, मिलिंद. तुला वाटलं, माणूस गेल्यावर त्याच्यावर चिडता येत नाही. चांगलं येतं. परवापासून ती तुझ्यावर भयंकर चिडली आहे. आता या क्षणी ती गॅरेजमध्ये तुझी हत्यारं आवरते आहे. पाने आणि स्क्रूड्रायव्हर खणाखण डब्यात आदळण्याचा आवाज इथे टेबलापर्यंत येतो आहे, आणि मधून मधून तिचा आवाज. "यू शुड हॅव टोल्ड मी, बाबा. यू शुड हॅव टोल्ड मी." पंधरा दिवसांत ती तुझ्याशी पहिल्यांदाच बोलते आहे. तुझ्या आठवणींविषयी नव्हे, थेट तुझ्याशी, तू घरात असल्यासारखी.

बाळ उठलंय, मी त्याला घेते. तिकडे मी जाणार नाही. पोरगी तुझी आहे, खोटं तुझं होतं, तिचं तूच ऐकून घे.